मॅटाडोरच्या पोटातील बिछाना

जुन्या मोटारीला पूर्वरूप देण्याचा छंद आपल्याकडे संस्थानिकांच्या गराजांतून बाहेर पडला, आणि बहुधा त्यामुळेच या छंदाच्या दरबारात आजही मानाचे आसन रोल्स-रॉइसला आणि ब्यूकला मिळते. ज्या गाड्यांनी भाजीपाला, दूध, रुग्ण, वऱ्हाडी मंडळी आणि गणपती वाहण्यात आयुष्य झिजविले, त्यांच्या वाट्याला मात्र भंगारवाल्याचा तराजू येतो. अलीकडे तरुण मंडळींच्या मनात ‘कॅम्पर व्हॅन’ने, म्हणजे जीत निजावे, रांधावे आणि वाटेल तेथे मुक्काम करावा अशा चालत्या बिऱ्हाडाने, घर केले आहे. परदेशी चित्रफितींत दिसणारी फोल्क्सवॅगनची जुनी व्हॅन आपल्याला कोठून मिळणार, असा निःश्वास टाकणारे वाचक मला अधूनमधून पत्रे धाडतात. त्यांना माझे उत्तर असे की, त्या व्हॅनची सख्खी म्हणावी अशी बहीण आपल्या दाराशी तीस वर्षे राबली आहे, आणि तिचे नाव मॅटाडोर.

नाते मी पदरचे जोडलेले नाही. फोल्क्सवॅगनने आपली व्हॅन १९४९ च्या अखेरीस जगापुढे मांडली. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या विडाल आणि सन यांच्या टेम्पो कारखान्याने मॅटाडोर बाहेर काढली, आणि पहिली काही वर्षे तिच्या पोटात इंजिनही फोल्क्सवॅगनचेच होते. पुढे इंजिनांचा तो पुरवठा बंद झाला, दोन्ही घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इकडे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली याच टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभारली. आरंभी गोरेगावला तीनचाकी निघत, मग कारखाना आकुर्डीस गेला, आणि १९६९ पासून शतक संपेपर्यंत मॅटाडोर महाराष्ट्राच्या रस्त्यांवर अखंड धावत राहिली. कंपनीचे नावही २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले. गाडीचे सारे बळ पुढच्या चाकांना असल्यामुळे मागे जाणारा लांब दांडा तिच्या पोटाखाली नाही. साहजिकच तिचा तळ सपाट आणि जमिनीलगत. निजण्याच्या फळीसाठी यापरते उत्तम जोते कोणते?

हाच सपाट तळ पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे या मूर्तिकारांच्या गावांना पसंत पडला होता. मूर्ती उंच उचलावी लागली की हात थरथरतो आणि हात थरथरला की सोंड जाते, हे तेथील लहान मूलही जाणते. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या गावांपैकी एकात, एका कारखान्यामागच्या अंगणात उभी असलेली एक मॅटाडोर मला मध्यंतरी पाहावयास मिळाली. मालकांचा मुंबईस असलेला पुतण्या तिची कॅम्पर करू पाहत होता, आणि काकांचे मत निराळे होते. “अरे बाबा, हिच्यात आता राहिलंय काय? पत्रा विकलास तर निदान पेंढ्याचे पैसे तरी सुटतील,” असे ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

काकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. गाडीच्या दारांखालच्या पन्हळीत पाणी निथळून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती भोके मूर्तींखाली अंथरलेल्या वर्षानुवर्षांच्या पेंढ्याच्या काड्यांनी आणि प्लास्टरच्या भुकटीने दगडासारखी बुजली होती. त्यात पावसाचे पाणी साचले, त्याला खारेपाटाची हवा मिळाली, आणि पत्रा आतून खाल्ला गेला. वरचा रंग मात्र शाबूत. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरचे टोक नुसते टेकविले तर ते मुठीपर्यंत आत गेले. अशा जागी लांबी भरून वर रंग मारणारे कारागीर पैशाला पासरी मिळतात, आणि विकत घेणाऱ्याची फसगत होते ती येथेच. कुजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढणे आणि त्याच मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने बसविणे, याखेरीज दुसरा उपाय नाही.

पत्रा एक वेळ घडविता येतो. खरी वणवण आहे सुट्या भागांची. फोल्क्सवॅगनच्या व्हॅनचे एक रूप ब्राझीलमध्ये २०१३ च्या डिसेंबरपर्यंत निघत होते, युरोपात तिच्या प्रत्येक खिळ्याची यादी छापून तो खिळा नव्याने करणारे कारखाने आहेत. मॅटाडोरला असा वाली नाही, आणि याचे कारण तिच्या कष्टाळूपणातच आहे. हौसेची गाडी जपली जाते, पोटापाण्याची गाडी मरेपर्यंत हाकली जाते आणि मेल्यावर दुसरीच्या कामी येते. आज जी मॅटाडोर चालताना दिसते ती तीन-चार मृत भगिनींच्या अवयवांवर चालत असते. इंजिनाचे फारसे अडत नाही, कारण मर्सिडीजच्या घराण्यातील जे डिझेल इंजिन पुढे या गाड्यांत आले त्याचा गोतावळा मोठा आहे. अडते ते काचेच्या रबरापाशी, दाराच्या मुठीपाशी, मागच्या दिव्याच्या तांबड्या काचेपाशी. कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात यांचा शोध घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे: तोंडाने वर्णन करू नये, मोडका भाग पिशवीत घालून न्यावा. “ओरिजिनल आहे, साहेब” हे वाक्य तेथे नमस्काराच्या जागी वापरतात; जुना भाग शेजारी धरताच त्या नमस्काराची किंमत कळते.

यापुढचा प्रश्न सरकारदरबारचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर घालून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ हा दर्जा देण्याची तजवीज झाली. अशा वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, फेरनोंदणीस ५,००० रुपये. अट अशी की सांगाडा, बाहेरचे कवच आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे १९७० च्या सुमारास कुलाबा जिल्ह्यात नोंदलेली (रायगड हे नाव जिल्ह्यास १९८१ साली मिळाले) एखादी खाजगी मॅटाडोर आज या मानास पात्र ठरू शकेल. पण तिचे छप्पर कापून उंच केले, बाजूला खिडक्या पाडल्या, की पात्रता गेली. आणि नुसती पात्रताच जाते असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा निक्षून सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरबदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. पेणचे परिवहन कार्यालय, ज्याचा ‘एमएच ०६’ हा शिक्का सबंध जिल्हा ओळखतो, तेथील निरीक्षकासमोर शयनगृह झालेली मालगाडी उभी करून ‘हौस हो, साहेब’ असे म्हणणे म्हणूनच फलदायी नाही.

मग बिऱ्हाड थाटावे कसे? माझे मत असे की, या कोड्याचे उत्तर कॅम्पर व्हॅनच्या जन्मकथेतच आहे. वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने १९५१ साली फोल्क्सवॅगनसाठी जे सामान काढले ती व्हॅनमध्ये पक्की बसविलेली खोली नव्हती. ती होती एक सुटी पेटी, जिच्यात बैठक, बिछाना आणि कपाट यांची सोय होती आणि जी सोमवारी सकाळी उतरवून ठेवली की गाडी पुन्हा धंद्याला मोकळी. कॅम्परचे मूळ रूप हेच असेल, तर ‘मूळ रूप’ राखण्याचा आग्रह धरणाऱ्याने मॅटाडोरच्या अंगाला भोक पाडण्याचे कारणच उरत नाही. सुताराकडून तळाच्या मापाची, पट्ट्यांनी आवळून बसणारी सुटी पेटी करून घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस गाडीत न ठेवता दाराबाहेर मांडावा. आणि बाकी सारा पैसा पत्रा, ब्रेक व रबरे यांवर खर्च करावा. गाडी उभी करूनच तीत निजावे, हे सांगणे नलगे.

आणि जे भाग कोठेच मिळत नाहीत त्यांच्यासाठी मुंबई-पुणे पालथे घालण्यापूर्वी हमरापूरकडेच पाहावे. मूळ मूर्तीवरून रबरी साचा काढून बोटांच्या पेरांवरील रेघसुद्धा जशीच्या तशी उतरविणे हे ज्या गावाचे रोजचे काम, त्या गावाला दिव्याची काच अवघड नाही. प्लास्टरच्या जागी पारदर्शक रेझिन आले एवढाच फरक. रेझिन वाळताना किंचित आकसते, हे लक्षात घेऊन मापात तेवढी सूट ठेवावी लागते. साचा इतका प्रामाणिक असतो की काचेवरील मूळ कंपनीची खूणही तो नकलेवर उमटवितो, आणि अशी नक्कल उद्या बाजारात अस्सल म्हणून खपेल. तेव्हा साच्यातील ती खूण बुजवून तेथे करणाऱ्याने आपले नाव आणि साल घालावे. रस्त्यावर नेण्याच्या गाडीत मात्र मान्यताप्राप्त दिवाच जोडावा. नक्कल शोभेच्या मांडणीसाठी.

ज्या वाचकांच्या वाड्यात, वखारीत किंवा कारखान्यामागे मॅटाडोर उभी आहे, त्यांनी ती तराजूवर चढविण्यापूर्वी एवढे करावे: नोंदणीपुस्तक शोधून जपून ठेवावे, सांगाड्यावरील क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा, आणि दारांखालची भोके या पावसाळ्याआधी तारेने मोकळी करून घ्यावीत.

— गाडीवान