खेळगड्यांचा वाटा

लहानपणी आपण सर्वजण भातुकली खेळलो आहोत. कोणी आई होई, कोणी पाहुणा. त्या खेळाचे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते. खेळता खेळताच ते ठरत गेले. मोठी माणसेही असा खेळ खेळतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. चार-सहा मित्र मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक होऊन आपण काय करणार ते बोलतात. यश मिळते की अपयश, हे फाशांचे दान ठरवते.

अशी मंडळी वर्षानुवर्षे एकत्र खेळली, की त्यांचे स्वतःचे नियम तयार होतात आणि एके दिवशी कोणीतरी म्हणतो, ‘हे आपण छापू या.’ हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र छापण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून काढणे आवश्यक आहे, असे मला वाटते.

या खेळप्रकाराचा इतिहासच याची साक्ष देतो. अमेरिकेतील लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स राहत. त्यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले होते. १९७० साली विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर ते घरी पादत्राणे दुरुस्त करीत. मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नसन आपल्या मित्रांसमवेत ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक प्रदेशातील खेळ रंगवीत असत. १९७२ साली त्यांनी तो गायगॅक्स यांना खेळून दाखवला. त्यातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आकाराला आला. गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी १९७३ साली स्वतःच प्रकाशनसंस्था काढली आणि १९७४ साली एका खोक्यात तीन पुस्तिका घालून १००० प्रती विक्रीस आणल्या. किंमत होती १० डॉलर. आज हा खेळ जगभर खेळला जातो.

पहिली लिहिण्याजोगी गोष्ट म्हणजे परक्यालाही कळतील असे नियम. मित्रांच्या बैठकीत शंका आली, तर सांगणारा समोर असतो. छापील पुस्तिकेसोबत तो जात नाही. त्या तीन पुस्तिका नवख्या खेळाडूंना दुर्बोध वाटत. शेवटी जे. एरिक होम्स या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांची नवशिक्यांसाठी फेरमांडणी केली आणि ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. खेळ सुचणे निराळे आणि तो समजावून सांगणे निराळे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ती म्हणजे श्रेयाचा आणि उत्पन्नाचा वाटा. पहिल्या पुस्तिकांवर गायगॅक्स आणि आर्नसन या दोघांचीही नावे होती. पुढे आलेल्या विस्तारित आवृत्तीच्या ग्रंथांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्स यांचे नाव आले. १९७९ साली आर्नसन यांना न्यायालयात जावे लागले आणि १९८१ साली तडजोड झाली. एकाने कल्पना दिली, दुसऱ्याने ती शब्दांत बांधली. यात कोणाचा वाटा मोठा, हे कोणत्या तराजूवर तोलायचे? आणि ज्या मित्रांनी केवळ खेळून, चुका काढून खेळ घडवला, त्यांचे काय?

काहीजण म्हणतील, मित्रामित्रांत कसला आला करार? कागद आला की मैत्रीत कोरडेपणा येतो. मला हे पटत नाही. खेळाचे नियम ठरवल्याने खेळातील आनंद कमी होत नाही. उलट भांडण टळते. तोच न्याय मैत्रीतील व्यवहाराला लागू आहे. पैसा येण्यापूर्वी लिहिलेला कागद मनमोकळेपणाने लिहिता येतो. पैसा आल्यानंतर प्रत्येक ओळीवर संशय बसतो.

आपल्या मंडळींनी घडवलेला खेळ असो, गाणे असो वा पाककृतींची वही असो, ती अवश्य छापावी. त्यासाठी मोठ्या पदवीची अट नाही. मात्र पहिले पान लिहिताना ज्यांच्या सोबतीने ते घडले, त्यांची नावे आधी लिहावीत.