वाचलेल्या विजेचा मालक कोण?

सरकारी इमारतींतील विजेची उधळपट्टी थांबविण्यासाठी गेल्या काही वर्षांत एक व्यवस्था पुढे आली आहे. ऊर्जासेवा कंपनी स्वतःच्या पैशाने कार्यालयातील जुने दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे बदलते, बिलात होणाऱ्या घटीतून ठरलेल्या मुदतीपर्यंत आपला हप्ता वसूल करते, आणि मुदत संपल्यावर सारी बचत कार्यालयाची होते. विद्युत क्षेत्रातील चार सार्वजनिक उपक्रमांनी २००९ साली स्थापन केलेली 'एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड' हेच काम करते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१७ साली तिच्याशी करार केला.

कल्पना चांगली आहे, आणि ती नवीही नाही. अठराव्या शतकात जेम्स वॅट व मॅथ्यू बोल्टन यांनी कॉर्नवॉलच्या खाणमालकांना वाफेची यंत्रे दिली ती अशाच अटीवर. जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या तुलनेत जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा त्यांचा. यंत्राचे फेरे मोजणारा गणक त्यासाठी कुलुपात ठेवावा लागला, आणि तरीही तंटे व्हायचे ते झालेच. किती वाचले, हा प्रश्न भांडवलदारांनाही आपसांत केवळ विश्वासावर सोडविता आला नाही.

आज तो प्रश्न अनेक करारांत सोडविलाच जात नाही. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला, तो दिवसाला इतके तास व वर्षाला इतके दिवस चालतो, असा गुणाकार करून बचत झाल्याचे मानून घेतले जाते. मीटर पाहण्याची गरज उरत नाही. असा करार कामगिरीचा नसतो. ती हप्त्यांवर केलेली खरेदी असते, आणि यंत्र नीट चालले नाही तर तोटा जनतेचा. वीज घेवो वा न घेवो, स्थिर आकार भरावाच लागेल अशा दाभोळच्या कराराने राज्य वीज मंडळाची काय अवस्था केली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

याहून मूलभूत आक्षेप दुसराच आहे. खुलताबाद तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील एखादी दोन खोल्यांची शाळा घ्या. तिचे दोन जुने पंखे बदलले, तर रोज सहा तास व वर्षाचे २२० दिवस धरून जेमतेम १२० युनिट वाचतील. एवढ्यासाठी कोणती कंपनी तिकडे फिरकेल? बिल थकल्याने जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. जिथे वीजच नाही तिथे बचत शून्य. पुढे मुख्याध्यापकांनी संगणक लावला, तर करारातील आधारवर्षाच्या हिशेबात तो अपव्यय ठरणार! म्हणजे ज्याने आजवर भरपूर जाळले त्याला सुधारणेचा लाभ, आणि जो अंधारात बसला त्याला काहीच नाही. वंचनेलाच आधाररेषा मानणारा हा हिशेब समाजवाद्यांना मान्य होण्यासारखा नाही.

यावर उत्तर असे दिले जाते की सरकारकडे भांडवल नाही, म्हणून कंपनी आली पाहिजे. परंतु सरकारला कर्ज कोणत्याही खाजगी कंपनीपेक्षा स्वस्त मिळते. उणीव आहे ती मोजमापाची, देखभालीची आणि शिस्तीची. ती भरून काढणारी संस्था सार्वजनिक असावी, असे आमचे मत आहे. मात्र सार्वजनिक म्हणून तिचा हिशेब झाकून ठेवण्याची मुभा तिला असू नये.

मार्गही उपलब्ध आहे. बर्लिन शहराने १९९६ पासून लहानमोठ्या सार्वजनिक इमारतींचे गट करून असे करार केले. आपल्याकडे जिल्हा हा असा एक गट का होऊ नये? छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय व जिल्हाधिकारी कार्यालय यांसारख्या मोठ्या वास्तूंत जे वाचेल, त्यातून तालुक्याच्या शाळा व आरोग्यकेंद्रे उजळावीत. अपुऱ्या प्रकाशाची व बंद पंख्यांची गरज आधीच हिशेबात धरली, तरच ही बचत न्याय्य ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. पहिली, प्रत्येक करार व आधारवर्षाची बिले त्या कार्यालयाच्या भिंतीवर लावावीत. ती नाकारली गेली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहेच. दुसरी, मोबदला केवळ मीटरवर दिसलेल्या बचतीचा द्यावा. तिसरी, देखभालीचे काम तालुक्यातील आय.टी.आय. झालेल्या तरुणांना नियमित वेतनावर द्यावे. कंत्राटी मजुरी कापून साधलेल्या काटकसरीला ऊर्जाबचत म्हणता येत नाही.

वीज वाचली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण तिचा पैसा जनतेचा आहे, आणि तो सर्वांत आधी कोणाच्या खोलीत दिवा लावणार हे ठरविण्याचा अधिकारही जनतेचाच आहे. पुढल्या ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या बैठकीत हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.