सहीपुरते अक्षर आणि मताचा हक्क

धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहून रोवणी करणाऱ्या बाईने मत खुशाल द्यावे, पण पंचायतीत बसण्यास तिच्यापाशी शाळेचा दाखला पाहिजे, असे म्हणणारे शहाणे आपल्या देशात आहेत. हरियाणात 2015 साली तसा कायदाच झाला. सर्वसाधारण पुरुष उमेदवारास दहावी, स्त्रियांस व अनुसूचित जातींच्या पुरुषांस आठवी, अशा पायऱ्या त्यात घातल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलूनही धरला. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनाच शाळा नसल्याची शिक्षा, हा न्याय आम्हांस उमजत नाही. या अटीचा इतिहास पहावयाचा तर वाचकांनी आमच्याबरोबर जरा समुद्रापार मॉरिशस बेटावर यावे.

1834 पासून या बेटावर उसाच्या मळ्यांत करारावर मजूर नेले गेले. त्यांत बिहारी, तामीळ, तेलुगू होते, तसे आपल्या कोकणातील मराठी कुणबी-कारागीरही होते. पहिली निवडणूक 1886 साली झाली. मतदार अवघे चार हजारांच्या आसपास! कायदेकौन्सिलात निवडलेले दहा, बाकीचे सरकारी व नेमलेले. मताला मिळकतीची अट, म्हणजे ऊस कापणारा बाहेर आणि ऊस विकणारा आत. 1926 साली कोठे दोन हिंदी गृहस्थ, लाला व गुजाधर, निवडून आले. 1936 साली डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी मळ्यांत दंगे झाले, तेव्हा साहेबलोकांस जाग आली.

1947 च्या घटनेने मिळकतीची अट सैल करून साक्षरतेची नवी वाट काढली. बेटावरील कोणत्याही भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता आली म्हणजे मत. मग मजुरांनी काय केले? रडत बसले नाहीत. बासदेव बिसुनदयाळ यांच्या जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव दिव्याच्या उजेडात पाट्या धरल्या, ऊस तोडून आलेल्या हातांना अक्षरे गिरवावयास लावली. बारा हजारांची यादी सुमारे 72 हजारांवर गेली! 1948 च्या निवडणुकीत 19 निवडलेल्या जागांपैकी 11 हिंदूंना मिळाल्या. तरीही गव्हर्नराने स्वतःच्या पसंतीचे 12 सभासद नेमून पारडे पुन्हा मळेवाल्यांकडे झुकविले. दार उघडावे आणि आत भिंत बांधावी, ही सत्तेची जुनी रीत होय.

या कथेवरून कोणी असे म्हणेल की, पहा, अटीमुळेच लोक शिकले! आमचे उत्तर असे की, लोक शिकले ते त्यांच्या जिद्दीने. ज्या म्हाताऱ्यांचे बोट पाटीवर वळले नाही ते 1959 पर्यंत बाहेरच राहिले. त्या साली सर्व प्रौढांस मत मिळाले. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे 1928 साली हेच मागितले होते, आणि आपल्याकडे 1951-52 साली चित्रे पाहून मते पडली, तरी राज्य बुडाले नाही.

मॉरिशसचाही कारभार निरक्षरांमुळे बिघडला नाही. 1968 साली ते स्वतंत्र झाले. 1972 ची निवडणूक 1976 पर्यंत लांबविली ती शिकलेल्यांनीच. 1982 साली मतदारांनी विरोधी आघाडीस साठच्या साठ जागा दिल्या, आणि ती आपसांतील भांडणाने फुटली तेव्हा पुढच्याच वर्षी दुसऱ्या आघाडीस निवडले. दोष आहेत. रामगुलाम व जगन्नाथ या दोन घराण्यांत पंतप्रधानपद बहुतेक वेळ फिरत राहिले. 2017 साली तर बापाने निवडणुकीवाचून ते मुलाच्या हाती ठेवले. 2024 साली त्या मुलास लोकांनी घरी पाठविले, पण आणले ते दुसऱ्या घराण्यातील मुलासच! जातीजमातीच्या हिशेबाने तिकिटे वाटणे तेथेही चालते. आपले वाचक हसतील, पण आपल्याच घरचे दृश्य आहे ते.

तेव्हा फुलचूर व आसपासच्या गावच्या लिहित्या पोरांस आमची सूचना अशी : मतदार यादी प्रसिद्ध झाली की ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा. ज्या सुनांची, ज्या बिडी वळणाऱ्या बायांची नावे अद्याप कोणत्याच यादीत नाहीत, त्यांचा नमुना 6 तुम्ही भरा, आणि सही त्यांना त्यांच्याच हाताने करू द्या. अंगठा असेल तर अंगठा.