ज्ञानगंगा घरी आली, पण घागर?

(एस. वाय. बी. ए. मधील एक विद्यार्थिनी)

ज्ञान ही कोणा एका वर्गाची मिरासदारी नाही, असे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. हे वाक्य खरे करून दाखवण्याची सोय इंटरनेटने केली आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. ने २००१ साली आपले अभ्याससाहित्य जगाला विनामूल्य खुले करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे आय. आय. टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ सुरू केले. २०१७ साली शाळांसाठी ‘दीक्षा’ आले आणि नववीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे अभ्यासक्रम देणारे ‘स्वयम्’ही आले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आता अक्षरशः शक्य झाले आहे.

मग तक्रार कसली? गंगा दारी आली, पण पाणी भरायला घागर किती घरांत आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी आली. मी तेव्हा आठवीत होते. आम्ही तीन भावंडे आणि घरात फोन एकच, तोही वडिलांचा. ते हमालीहून परतले की फोन आधी दहावीत जाणाऱ्या भावाकडे जाई. माझी पाळी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असे. आमच्या वस्तीत हे कोणाला नवल वाटत नव्हते. घरोघरी मातीच्याच चुली! आज फोन वाढले आहेत, हे मान्य. पण फोन हातात असणे आणि शिक्षण हाती लागणे यांत पुष्कळ अंतर आहे.

पहिले अंतर भाषेचे. या व्यासपीठांवरील वरच्या वर्गांची बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. ‘इंग्रजी शिका’ असे सांगणारे सांगतात आणि आम्ही शिकतोही आहोत. परंतु राज्यशास्त्रातील सार्वभौमत्वाची कल्पना समजून घेताना निम्मी शक्ती वाक्याचा अर्थ लावण्यातच खर्च होत असेल, तर विषय कधी शिकायचा? १९७५-७६ साली भारताने उपग्रहाद्वारे दूरदर्शन शिक्षणाचा ‘साइट’ हा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले. ते कोणाच्या खासगी घरात नव्हे, गावाच्या सामायिक जागेत होते. कार्यक्रमही हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड अशा लोकांच्या भाषांत होते. साधन सामायिक आणि भाषा आपली, हे शहाणपण आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच होते!

दुसरे अंतर शंकेचे. पडद्यावरचे प्राध्यापक विद्वान असतील, पण माझ्या कपाळावरची आठी त्यांना दिसत नाही. ज्याच्या घरी शंका विचारायला शिकलेले कोणी नाही, त्याला वर्गातल्या सरांची गरज अधिक असते. म्हणूनच ‘आता शिक्षक कशाला?’ असे म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा दिली आहे. ही मुभा पूरक ठरली तर उत्तम. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा झाकण्यासाठी ती वापरली गेली, तर नुकसान आमचेच आहे.

केवळ टीका करून भागणार नाही. आपले महाविद्यालय काय करू शकते? आपल्याकडे नोट्स फिरतात त्या वहीच्या पानांच्या छायाचित्रांतून. त्यांत शब्द शोधता येत नाही आणि पाने वाचताना डोळे दुखतात. त्याच नोट्स युनिकोड मराठीत टंकित केल्या, तर तासाभराच्या चित्रफितीला लागणाऱ्या डेटाच्या अल्पशा अंशात अख्खे पुस्तक फोनवर उतरते. प्राध्यापकांनी तपासावे, आम्ही टंकन करावे. व्याख्यानाचे नुसते ध्वनिमुद्रण केले तरी ते स्वस्तात घरोघरी पोचेल. मराठी विश्वकोशाचे वीस खंड संकेतस्थळावर वाचायला खुले आहेत. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे. तिथे आपण वाचक म्हणून जातो, मग लेखक म्हणून का जाऊ नये? आपापल्या गावच्या नद्या, बाजार, बोली यांवर एकेक साधार लेख लिहिणे हा कला शाखेचा प्रकल्प का होऊ नये? आणि कॉलेजच्या संगणक कक्षाचे कुलूप तास संपल्यावर आणखी दोन तास उघडे राहिले, तर ज्यांच्या घरी घागर नाही त्यांची तहान इथे भागेल.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे हे गुरुजी एका लहान खेड्यातल्या शाळेत शिकवत होते. साहित्य निर्माण करायला मोठी संस्थाच लागते, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

मित्रहो, दुसऱ्यांनी भरलेल्या पाण्यासाठी रांगेत उभे राहण्याची सवय आपल्या पिढ्यान्पिढ्यांना आहे. शिक्षणाच्या बाबतीत तरी ती मोडू या. आपल्या भाषेतला, आपल्या मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असा एकेक धडा या वर्षी प्रत्येकाने लिहावा, एवढीच विनंती.