फिरतीची नोकरी घेऊ का?

"डॉक्टर, प्रमोशन मिळतंय, पण फिरती आहे. घेऊ का?" दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. विचारणाऱ्यांत औषध कंपन्यांचे एमआर असतात, बियाणे-खतांच्या कंपन्यांचे विक्री अधिकारी असतात, बँकेचे ऑडिटर असतात आणि वर्षातून चारदा अमेरिका करणारे आयटीवालेही असतात. पगार, भत्ता, घराचे हप्ते याचा हिशोब तुमचा तुम्ही करा. तब्येतीपुरतं माझं मत असं, की घ्यायला हरकत नाही. पण होकार देण्याआधी महिन्यातल्या किती रात्री घराबाहेर जाणार, हे विचारून घ्या.

मी किलोमीटर विचारायला सांगत नाही, रात्री विचारायला सांगतोय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये तेरा हजारांवर नोकरदारांच्या आरोग्य तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला १ ते ६ रात्री बाहेर राहणाऱ्यांच्या तुलनेत २० हून जास्त रात्री बाहेर काढणाऱ्यांत लठ्ठपणा बराच जास्त आढळला आणि "माझी तब्येत बरी नाही" असं सांगणारेही जास्त निघाले. पुढे २०१८ च्या अभ्यासात महिन्याला १४ किंवा अधिक रात्री बाहेर असणाऱ्यांत झोपेच्या तक्रारी, चिंता, नैराश्य आणि धूम्रपान जास्त दिसलं. गंमत म्हणजे २०११ च्या अभ्यासात अजिबात न फिरणारे लोकही थोडं फिरणाऱ्यांपेक्षा स्वतःची तब्येत वाईट सांगत होते. म्हणून प्रवास हे औषध आहे असं कृपया समजू नका. ज्याची तब्येत आधीच नाजूक आहे तो फिरतीची नोकरी घेतच नाही, हे त्यामागचं मोठं कारण असावं. पण महिन्याला चार-सहा रात्रींची फिरती धडधाकट माणसाला सहसा झेपते, असं म्हणायला हरकत नाही. माझ्या पेशंटांतही मला तेच दिसतं.

फायदे खरे आहेत आणि डॉक्टर मंडळी ते सांगायला विसरतात. दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या माणसापेक्षा चार दुकानं, दोन गावं फिरणारा माणूस जास्त चालतो. नवी माणसं भेटतात, कामात रस टिकतो. काही बायका मला सांगतात, "महिन्यातले ते तीन दिवस मला सलग झोप मिळते हो." त्यांच्या घरचं वेळापत्रक बघितलं तर यात नवल नाही.

त्रास कुठे सुरू होतो, तर अगदी साध्या गोष्टीपासून. आपल्याकडे बाहेर पडलं की स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. म्हणून लोक, विशेषतः बायका, सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि आली तरी लघवी रोखून धरतात. सतत फिरतीवर असलेल्या बाईला पुन्हा पुन्हा लघवीचा जंतुसंसर्ग होत असेल, तर महागड्या तपासण्यांआधी हे विचारायला हवं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि ज्यांचा कल आहे त्यांना मूतखडे होतात. किती पाणी प्यायचं, तर लघवीचा रंग फिकट राहील इतकं. आपल्या नेहमीच्या मार्गावरचे बरे पेट्रोल पंप आणि हॉटेलं लक्षात ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

याच कारणामुळे बीपीच्या गोळ्या चुकतात. बीपीच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारा घटक असतो. नावापुढे 'एच' असेल तर बऱ्याचदा हाच. "बसमध्ये पंचाईत नको" म्हणून पेशंट प्रवासाच्या दिवशी ती गोळी घेत नाही. महिन्यात बारा दिवस प्रवास, म्हणजे बारा दिवस गोळी नाही. मग बीपी आटोक्यात का नाही, याचा शोध सुरू होतो आणि कधी कधी दुसरी गोळीही वाढते! गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना खरं कारण सांगा. वेळ बदलता येते, औषध बदलता येतं.

मधुमेह असेल तर आणखी काळजी हवी. ग्लिमेपिराइड जातीची गोळी किंवा इन्शुलिन घेतलं आणि मीटिंग लांबली म्हणून जेवण तीन वाजता झालं, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोकं न चालणं ही त्याची लक्षणं. गाडी चालवताना असं झालं तर काय होईल, हे मी लिहायला नको. बाजूला थांबून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि मग काहीतरी खायचं. ज्यांच्यामुळे शुगर सहसा एकदम खाली जात नाही अशाही गोळ्या आहेत. तुमच्या जेवणाच्या वेळा नक्की नसतात हे डॉक्टरांना माहीत असेल, तरच ते तशी निवड करतील. विमानात इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्शुलिन वापरायचं नसतं.

आता रस्त्याबद्दल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून आहे, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. रस्ते चांगले झाले याचा आनंदच आहे. पण पूर्वी ज्या कामाला मुक्कामाचा भत्ता मिळायचा, ते काम आता "सकाळी जा, रात्री या" झालं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. सतरा ते एकोणीस तास जागं राहिलं, की प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू मोजायला पोलिसांकडे यंत्र आहे, झोप मोजायला नाही. काच खाली केली, गाणी लावली, चहा घेतला की झोप जाते हा निव्वळ भ्रम.

तुम्ही म्हणाल, मघाशी डॉक्टर बाहेरच्या रात्री मोजत होते आणि आता मुक्काम करा म्हणतात. बरोबर आहे. महिन्यातल्या फेऱ्या कमी करा, पण जी फेरी करायचीच आहे तिथे रात्री थांबा. चार फेऱ्यांच्या दोन करता येतील का, हे साहेबांना विचारा. निम्मी कामं व्हिडिओ कॉलवर होतात, हे आता त्यांनाही ठाऊक आहे.

लॉजवरची संध्याकाळ हाही एक आजारच समजा. काम सातला संपतं, झोप अकराला. मधल्या चार तासांत एकटेपणा, तळलेलं, बिअर आणि मोबाइल. फिरतीवर वजन वाढतं ते बरंचसं याच वेळात. अर्धा तास गावात चालून या, जेवण आठच्या आत मागवा, घरी फोन करा. याहून मोठा उपाय माझ्याकडे नाही.

परदेश प्रवासाचं थोडक्यात सांगतो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. तीन दिवसांच्या अमेरिका दौऱ्यात ते जुळण्याआधीच परतायची वेळ होते, तेव्हा मोठे निर्णय पहिल्या दिवशी नकोत. चार तासांहून लांब प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. प्रत्यक्षात हे सुमारे सहा हजारांत एकाला होतं, म्हणून घाबरू नका. हा धोका बस, रेल्वे आणि मोटारीतही असतो. अधूनमधून उठा, पोटऱ्या हलवा. आधी गाठ झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदरपण असेल किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. प्रवासानंतर एकाच पायाला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, यांपैकी काहीही झालं तर घरी पोहोचायची वाट बघू नका. जे गाव असेल तिथल्या रुग्णालयात लगेच जा.