कौशल्याचा डाव आणि भांडवलाचे गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणविणारे असोत वा नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरविले. २० तारखेला लोकसभा, २१ तारखेला राज्यसभा आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती, असा तीन दिवसांचा हा प्रवास होता. लोकसभेत तर गोंधळातच, जवळजवळ चर्चेवाचून, विधेयक पार पडले. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा सरकारचाच अंदाज त्या वेळी पुढे आला. याच सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरल्या जाणाऱ्या रकमेवर २८ टक्के कर आकारून तिजोरी भरली होती, ही गोष्ट मात्र कोणी फारशी उच्चारली नाही.

मूलसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाचे स्वरूप महानगरांपेक्षा वेगळे आहे. धानाची शेती, तांदळाच्या गिरण्या आणि सभोवतालचे जंगल यांवर हा मुलूख जगतो. येथे पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही. तो हंगामाने येतो. धानाचे चुकारे, उन्हाळ्यातील तेंदूपत्त्याची मजुरी आणि मिरची तोडण्यासाठी तेलंगणात गेलेल्यांनी गाठीला बांधून आणलेली कमाई यांवर घर चालते. मधले महिने रिकामे जातात. हाती थोडी रक्कम, पुढे कामाची शाश्वती नाही आणि खिशात फोन, अशा अवस्थेतील तरुणाला पोकरच्या स्पर्धेची जाहिरात दिसत असे. शंभर रुपये भरा आणि लाखाचे बक्षीस जिंका, हा तिचा सारांश. जुगार या भागाला अपरिचित नाही. कोंबडबाजार आणि सट्टापट्टी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु कोंबडबाजाराला जंगलात जावे लागते आणि कोण गेला, किती हरला, हे चार माणसे पाहतात. फोनवरची हार घरातल्यांनाही दिसत नाही.

या धंद्याचे समर्थक एकच मुद्दा मांडत आले आहेत, तो म्हणजे हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. त्या निकालाचा आधार पोकरलाही मिळावा, अशी त्यांची मागणी असते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती अमान्य केली. या वादात क्षणभर कंपन्यांचेच म्हणणे खरे मानावे. पोकरच्या स्पर्धेत कौशल्य असते हे नाकारण्याचे कारण नाही. त्याचे एक शास्त्रही आहे. आरंभी मोजकेच चांगले पत्ते खेळावेत. पत्ते पाहण्यापूर्वी लावावी लागणारी सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते, तेव्हा दबकून बसू नये. आपल्याजवळचा साठा त्या रकमेच्या दहापटींखाली आला, तर एक तर पत्ते टाकावेत किंवा सर्वस्व पणाला लावावे. बक्षिसांची रांग जवळ आली, की मोठा साठा असलेल्याने लहानांना घाबरवून सोडावे. हे सर्व शिकता येते आणि शिकलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा सरस ठरतो.

प्रश्न हा, की या कौशल्याने काय साधते? एक सोपा हिशेब मांडून पाहावा. एक हजार माणसांनी प्रत्येकी ११० रुपये भरले, तर १ लाख १० हजार जमतात. त्यांतील दहा-दहा रुपये, म्हणजे १० हजार, कंपनी पहिला पत्ता वाटण्यापूर्वीच बाजूला काढते. उरलेल्या एका लाखाचे वाटप साधारणपणे वरच्या शंभर-दीडशे जणांत होते आणि त्यातलाही मोठा हिस्सा पहिल्या काही जणांकडे जातो. किमान साडेआठशे माणसे रिकाम्या हाताने उठतात. हजारही खेळाडू अतिशय निष्णात असले, तरी सर्वांचे मिळून १० हजार जाणारच. कौशल्य एक रुपयाही निर्माण करीत नाही. ते एवढेच ठरविते, की कोणाच्या खिशातील पैसा कोणाच्या खिशात जाईल. शेतमजुराचे कौशल्य चार रोपांचे लोंबीने भरलेले शेत करते, तसे येथे काही घडत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. शंभर स्पर्धांपैकी पंधरांमध्ये बक्षीस मिळविणारा खेळाडू चांगला मानावा लागेल. त्याच्याजवळ दहा स्पर्धांपुरता पैसा असेल, तर त्या दहांपैकी एकातही काही न मिळण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक आहे आणि मिळालेच, तर बहुधा सर्वांत लहान बक्षीस. पत्ते उत्तम असूनही हे टळत नाही. दर वेळी जिंकण्याची शक्यता ऐंशी टक्के असली, तरी पाच वेळा सर्वस्व पणाला लावून पाचही वेळा तगून राहण्याची शक्यता तिघांत एकच उरते. म्हणूनच या खेळाचे जाणकार पहिला नियम सांगतात तो पत्त्यांचा नव्हे, भांडवलाचा. ज्या स्पर्धेत उतरावयाचे, तिच्या प्रवेशमूल्याच्या किमान शंभरपट रक्कम हाताशी हवी आणि ती बुडाली तरी घराची चूल विझता कामा नये.

या एका नियमात सगळा निवाडा आहे. ज्याच्याजवळ शंभर डावांचा साठा आहे, त्याच्यासाठी कौशल्य हे शस्त्र आहे. ज्याच्याजवळ तेंदूपत्त्याच्या मजुरीतले पाचशे रुपये आहेत, त्याच्यासाठी तेच कौशल्य म्हणजे एक आशा आणि तीही दुसऱ्याच्या उपयोगाची. स्पर्धेत सर्वांना आरंभी सारख्याच चिप्स मिळतात, ही समता फसवी आहे. एक जण हरल्यावर पुन्हा पैसे भरून परत येतो, दुसरा उसनवारी करतो. बाजारातील स्पर्धेविषयी श्रमिकांना जो उपदेश ऐकविला जातो, त्याचेच हे लहान रूप होय. नियम सर्वांना सारखे, म्हणून हरलेल्याने स्वतःच्या अकलेला दोष द्यावा, असा तो उपदेश आहे. कौशल्याच्या या युक्तिवादाने कंपन्यांना कायद्याचे संरक्षण मिळत होते. हरणाऱ्याला मात्र त्यातून लाज तेवढी मिळत होती.

मग बंदीने प्रश्न सुटला काय? चंद्रपूर जिल्ह्याला या बाबतीत दुसऱ्या कोणाचे दाखले नकोत. १ एप्रिल २०१५ पासून येथे दारूबंदी लागू झाली. तिच्यामागे स्त्रियांचे मोठे आंदोलन होते. अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तेथेही गावागावांतील स्त्रिया जागत्या राहतात तेथेच ती खरी उतरते. कायदा दार बंद करतो, पण राखण लोकांनाच करावी लागते. ऑनलाइन जुगाराचेही असेच आहे. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबविले. परदेशांतून चालणारी आणि रोज नाव बदलणारी दुकाने मात्र फोनवर पोहोचतच असतात. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपयांना फसवणूक झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली आणि तिचा धागा गोंदियापर्यंत पोहोचला. मूलहून रेल्वेने जाता येईल इतक्या अंतरावरची ही गोष्ट आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. नीतीची प्रवचने देऊन तरुण दुरावतील. त्यांच्यासमोर वरचा हिशेब मांडावा, कागदावर, आकड्यांनिशी. जो कर्जात बुडाला आहे, त्याला हिणवू नये. नव्या कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरविलेले नाही, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना सांगावे. फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करण्यास साहाय्य करावे. थोड्या पैशांसाठी आपले बँकखाते दुसऱ्याला वापरावयास देऊ नये, हे प्रत्येक वस्तीत बजावावे, कारण जुगाराचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. बचत गटांतील स्त्रियांना या कामात पुढे आणावे. घरातील पैसा कोठे जातो याचा सुगावा प्रथम त्यांनाच लागतो.

याबरोबरच मूळ मागणी सोडता येणार नाही. धानाचे चुकारे वेळेवर मिळावेत, तेंदूपत्त्याची मजुरी आणि बोनस थकू नये, रिकाम्या महिन्यांत गावातच काम मिळावे. काम हा नशिबाचा भाग नसून हक्क आहे, हे तत्त्व मानून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला होता. ज्या तरुणाला पुढच्या महिन्याच्या मजुरीचा भरवसा आहे, त्याला लाखाच्या बक्षिसाची जाहिरात सहसा भुलवीत नाही. येत्या हंगामात धान खरेदी केंद्रांवर आणि तेंदूपत्त्याच्या फळ्यांवर कार्यकर्ते जातील, तेव्हा चुकाऱ्याच्या मागणीबरोबर हा हिशेबही त्यांनी सोबत न्यावा.