कर्ज आणि अपराध
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या ग्रंथालयात एक जर्मन-इंग्रजी शब्दकोश आहे. एकदा तो सहज चाळताना 'शुल्ड' हा शब्द दिसला आणि मी थबकलो. या एका शब्दापुढे इंग्रजीत दोन अर्थ दिले होते : 'गिल्ट' आणि 'डेट'. म्हणजे अपराध आणि कर्ज! पैशांचे कर्ज म्हणताना तो बहुधा अनेकवचनी, 'शुल्डन' असा येतो, एवढाच काय तो फरक. 'चूक माझी' असे साधे कबूल करतानाही जर्मन माणूस हाच शब्द वापरतो. नीत्शे या तत्त्ववेत्त्याने १८८७ साली अपराधाची कल्पनाच देण्याघेण्याच्या व्यवहारातून आली असे मांडले, ते याच शब्दाच्या आधाराने. इंग्रजी भाषांतरकाराला मात्र तिथे दोन शब्द वापरावे लागतात.

इंग्रजीने हे अर्थ वेगळे ठेवले, याचे मला बरे वाटले. पण शब्द वेगळे झाले म्हणून माणसे सुटली असे नाही. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ साली कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. बारा वर्षांचा चार्ल्स तेव्हा कारखान्यात राबत होता. कर्जदाराला तुरुंगात टाकण्याची ही रीत इंग्लंडमध्ये बव्हंशी बंद झाली ती १८६९ च्या कायद्याने.

मराठीतही कर्ज निराळे आणि अपराध निराळा. तरीही गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, सोसायटीचे पीककर्ज थकले, त्यात माझ्या फीसाठी घेतलेले हातउसने. तेव्हापासून आमचे अण्णा पारावर बसायचे बंद झाले. रस्त्याने खाली मान घालून जातात. कुणी विचारलेच तर म्हणतात, "आमचंच चुकलं." जर्मनचे एक अक्षरही ठाऊक नसलेला माझा बाप दोन्ही अर्थ एकाच शब्दासारखे जगतो आहे!

घेतलेला पैसा फेडलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण फेडायचा राहिला म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. पाऊस काही अण्णांनी अडवला नव्हता. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. आता आपण वागतानाही ते वेगळे ठेवायला हवेत.

सुटीत घरी गेलो की अण्णांना सांगणार आहे : तुमच्या डोक्यावर आहे ते कर्ज. तो अपराध नव्हे.